डावा हात अजून भात्यावरच आहे

पत्र : सर, मी खानापूर तालुक्यातला, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेटी आजोबांकडून भजनात बसून शिकलो. दोन वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. भारी कीबोर्ड वाजवलेले अल्बम कोणते ऐकावेत? आणि यावर पोट भरेल का? बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर :

अल्बमचं आधी सांगतो, पोटाचं त्याच्या मागोमाग येईलच.

पेटीवरून कीबोर्डवर आलेली मुलं मी इथे बेळगावच्या शहापूर-वडगावात बरीच पाहिली. उजवा हात तयार असतो. अलंकार, मुरकी, गाणाऱ्याच्या मागे सावलीसारखं जाणं, सगळं येतं. डावा हात मात्र इतकी वर्षं भाता मारत आलेला. कीबोर्डवर आल्यावर त्याचं काम ऑटो रिदम (कीबोर्डमध्ये आपोआप वाजणारा ठेका आणि बेस) करतो आणि तो हात एक बोट दाबून गप्प बसतो. म्हणून माझी यादी आखूड आहे आणि ती डाव्या हाताकडे बघून केलेली आहे.

पहिला जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा ‘हेड हंटर्स’, 1973 चा. त्यात चारच ट्रॅक. पहिला ‘कॅमेलियन’, पंधरा मिनिटांहून मोठा. सुरुवातीला जो बेस, म्हणजे खर्जातली ओळ, ऐकू येतो तो बेस गिटार नाही; हॅनकॉकने तो आर्प ओडिसी सिंथेसायझरवर वाजवलाय. ती ओळ दोन कॉर्डमध्ये फिरत राहते. तुझ्या भाषेत सांगायचं तर काळी पाचची मायनर सेव्हन्थ आणि काळी दोनची सेव्हन्थ. ट्रान्सपोजच्या बटणाला हात लावायचा नाही, आहे त्या पट्टीत वाजवायचं. मोबाइलवर मेट्रोनोम 60 वर लाव आणि पहिले पंधरा दिवस फक्त डावा हात. आईने स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे आणि बेस थांबता कामा नये. मगच उजव्या हाताने त्यावर काहीतरी सोपं वाजव. महिनाभर एवढा एकच ट्रॅक पुरे.

मग पियानोवादक कीथ जॅरेटचा ‘द कोल्न कॉन्सर्ट’. 24 जानेवारी 1975, जर्मनीतलं कोलोन शहर, ऑपेरा हाउस. मागवलेला पियानो आलाच नाही. जो मिळाला तो लहान, वरचे सूर पातळ, खर्ज कमजोर. जॅरेट बहुतेक मधल्या सप्तकातच राहिला आणि डाव्या हाताने तेच तेच बोल घोळवत राहिला. पहिल्या भागात तो ए मायनर आणि जी या दोनच कॉर्डवर कितीतरी मिनिटं रमतो. आपल्याकडे पेटीवाला एका रागात बसतो तसाच. मीही एकदा मांडवात दोन पट्ट्या मुक्या असलेला कीबोर्ड वाजवलाय. कार्यक्रम वाईटच झाला, ते सोड.

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, हे तुला माहीत आहे. कीबोर्डच्या डाव्या बाजूला बेंडचं चाक असतं, त्याने ती येते. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडच्या ‘बर्ड्स ऑफ फायर’मध्ये (1973) यान हॅमर मिनीमूग सिंथेसायझरवर हे कसं करतो ते कान देऊन ऐक. गिटार कुठली आणि सिंथ कुठला, हे पहिल्यांदा ओळखू येणार नाही. ऑर्गन ऐकायचा असेल तर डीप पर्पल या रॉक बँडचा ‘मशीन हेड’, 1972. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून तो असा गुरगुरतो.

आणि चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणारा हा माणूस. 1982 मध्ये त्याने सिंथेसायझर आणि रिदम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. यमन, भूपाली, मालकंस, सगळे तुझ्या ओळखीचे. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला आणि परदेशातल्या डीजेंनी डोक्यावर घेतला. मला स्वतःला तो सलग ऐकायला कंटाळवाणा वाटतो, पण पेटीवाल्याला सिंथची भीती उरत नाही.

पेटी मात्र सोडू नकोस. रामभाऊ विजापुऱ्यांनी बेळगावातच राहून पेटीची एवढी शिष्यमंडळी तयार केली. त्यांच्याकडे शिकलेली माणसं आहेत, त्यांना गाठ.

आता पोटाचं. ऑर्केस्ट्रा लग्नसराईला आणि गणपतीत, मधले महिने कोरडे. बारमाही पैसा शिकवण्यात आणि थोडाफार स्टुडिओत. दोन्हीकडे तुझं अडेल ते वाचनात, कारण स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहायची पाश्चात्त्य स्वरलिपी) तुला येत नसणार. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या कीबोर्डच्या ग्रेड परीक्षा आठ आहेत, पहिलीपासून सुरू कर, लाज धरू नकोस. सोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हार्मोनियमच्या परीक्षा दे. मराठी भावगीत आणि कन्नड भावगीते, दोन्ही न बघता वाजवणारा पुण्यात सहज सापडत नाही, आपल्याकडे सापडतो. त्याची किंमत ओळख. बी.कॉम. पुरं कर. बँकेची परीक्षाही दे. बाबांशी भांडण्यात जाणारा वेळ रियाजाला लागेल.

येत्या गणपतीत एका तरी गाण्याला ऑटो रिदम बंद ठेव आणि बेस स्वतः वाजव. ऑक्टोपॅडवाल्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तो स्टेजवरच तुझ्याकडे डोळे वटारून बघेल. रेकॉर्ड करून मला पाठव.