बाप्तिस्मा लपवून करू नका

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मिळाले. तुम्ही वसईच्या कॅथलिक घरातल्या आणि तुमचे पती साताऱ्याच्या हिंदू, शाकाहारी घरातले. लग्न चर्चची रीतसर परवानगी घेऊन झाले. बाळ आता पाच महिन्यांचे आहे. साताऱ्याला त्याचे बारसे हौसेने झाले आणि आत्याने कानात ‘अर्णव’ हे नाव सांगितले. आता बाप्तिस्म्याचा विषय निघाला, तर पती म्हणतात, “तुला हवे ते कर, फक्त आईला कळू देऊ नकोस.” तुमच्या आईला हॉल, बँड आणि दोनशे पाहुणे हवे आहेत, शिवाय उशीर होत असल्याची तिला धास्ती आहे. नणंद तर ‘गॉडमदर मीच होणार’ असे आनंदाने ठरवून बसली आहे. हा विधी गुपचूप उरकावा का, आणि पुढे कधी कळलेच तर ‘वसईचे बारसे होते’ असे सांगून वेळ मारून न्यावी का, असे तुम्ही विचारले आहे.

नाही, असे करू नये. बारशात बाळाला नाव मिळते. बाप्तिस्म्यात ते ख्रिस्ताचे आणि त्याच्या मंडळीचे होते, आणि कॅथलिक श्रद्धेनुसार हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. ज्या गोष्टीला तुम्ही इतके पवित्र मानता, तिची सुरुवात बाळाच्या आजीशी खोटे बोलून व्हावी, हे तुमच्याच मनाला पटलेले नाही. म्हणून तर तुम्ही हे पत्र लिहिले आहे. शिवाय असे खोटे टिकतही नाही. मोबाइलवरचा एखादा फोटो किंवा पाहुण्यांपैकी कुणाचा सहज निघालेला शब्द पुरेसा होतो, आणि मग सासूबाईंना संस्काराचे नव्हे, तर आपल्याला परके मानल्याचे दुःख होईल.

खरा प्रश्न सासूबाईंचा नसून तुमच्या पतींचा आहे, असे मला वाटते. लग्नाच्या वेळी मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन तुम्ही दिले होते, आणि त्याची कल्पना पतींना देण्यात आली होती. तेव्हा ते ‘हो’ म्हणाले, पण तो होकार त्यांनी आपल्या आईपर्यंत पोहोचवलाच नाही. चर्चच्या नियमानुसार बाप्तिस्म्याला आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते आणि मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा असावी लागते. नियमापुरती तुमची एकटीची संमती चालेलही. परंतु वडील नजर चुकवत उभे असतील, तर ती आशा कशाच्या बळावर धरायची? म्हणून चर्चमध्ये तारीख मागण्याआधी तुम्ही दोघांनी शांतपणे बसून बोला. बाळ मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाईल, धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसेल, साताऱ्याच्या घरच्या गणपतीत त्याचे वागणे कसे असेल, हे सगळे आताच बोलून घ्या. जिथे अडेल तिथे तुमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, प्रमुख धर्मगुरूंना दोघांनी मिळून भेटा. बाप्तिस्म्यापूर्वी पालकांची तयारी करून घेणे हे त्यांचे कामच आहे, आणि वसईत असे संसार त्यांच्या चांगल्या परिचयाचे असतात.

त्यानंतर पतींनी स्वतः साताऱ्याला जावे. हे फोनवर सांगण्यासारखे नाही, आणि तुमच्याकरवी तर मुळीच नाही; सुनेने सांगितले की त्याचा अर्थ ‘हिने मुलाला वळवले’ असाच काढला जातो. त्यांनी आईजवळ बसून एवढेच म्हणावे, “आई, बाळाचा बाप्तिस्मा करायचा आहे. तो त्याच्या आईच्या श्रद्धेत वाढेल, हे मी लग्नाआधीच कबूल केले होते. तुला तेव्हाच सांगायला हवे होते. तो तुझा नातू आहे आणि तुझ्याच मांडीवर वाढणार आहे.” आई रडतील, कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. त्यांना तो वेळ द्या. आजीच्या पाया पडायला, तिच्या हातचा मोदक खायला बाप्तिस्मा आड येत नाही, हे त्यांना सांगा. पण ‘काहीच बदलणार नाही’ असे मात्र सांगू नका, कारण ते खरे नाही.

यात काही आठवडे गेले तर तुमच्या आईने घाबरू नये. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा व्हावा असे चर्च सांगते, त्यामुळे विषय वर्षानुवर्षे लांबवू नका. पण ‘बाळाचे काही बरेवाईट झाले तर’ ही जी भीती आईच्या मनात आहे, तिच्याबद्दल चर्चची आजची शिकवण दिलासा देणारी आहे. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना देवाच्या दयेवर सोपवावे असे कॅथलिक धर्मशिक्षणाचा अधिकृत ग्रंथ सांगतो, आणि २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम कारणे असल्याचे मांडले. शिवाय प्राणावरच बेतले तर धर्मगुरू येईपर्यंत थांबावे लागत नाही. बाप्तिस्मा देताना चर्चचा जो हेतू असतो तोच मनात धरून कुणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकते. तुमच्या आईजवळ बसून तिला हे समजावून सांगा. तिच्या घाईमागे हट्ट नसून नातवाची काळजी आहे.

नणंदेला नकार कळवणे तुम्हाला सर्वांत जड जाते आहे. नियम स्पष्ट आहे: धर्ममाता (गॉडमदर) किंवा धर्मपिता होणारी व्यक्ती स्वतः कॅथलिक, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालेली आणि सर्वसाधारणपणे १६ वर्षे पूर्ण झालेली असावी लागते. बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घ्यायची असल्यामुळे ती श्रद्धा स्वतःची असावी लागते, यात नणंदेच्या मायेला कुठेही उणेपणा नाही. हे तिला तुम्ही स्वतः सांगा, आणि त्याच वेळी बाळाचे पांढरे झबले तिच्याकडे मागा. विधीत पाणी ओतल्यानंतर आणि टाळूला पवित्र तेल लावल्यानंतर बाळाला शुभ्र वस्त्र देतात. ते घरच्यांनी आणावे अशीच अपेक्षा असते, आणि ते आत्याने शिवलेले असावे, याला कुणाचीच हरकत नसेल. मऊ सुती कापड घ्या, गळा सैल ठेवा आणि बंद मागे असू द्या, म्हणजे रडणाऱ्या बाळालाही ते पटकन घालता येईल.

नाव बदलायची गरज नाही. पूर्वी संताचे नाव जोडण्याचा आग्रह असे. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (नियमांच्या संग्रहानुसार) नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसले की पुरे. तुमच्या आईची इच्छा असेल तर एखाद्या संताचे नाव जोडून घ्या, पण जन्मदाखल्यावर आणि चर्चच्या नोंदवहीत ‘अर्णव’ हे नाव एकसारखेच लिहिले जाईल हे पाहा.

आता समारंभाविषयी. तुमच्या आईचा हॉल आणि बँड मला यात बसत नाही, हे स्पष्टच सांगते. दोनशे अनोळखी माणसांत साताऱ्याची पाच-सहा माणसे कोपऱ्यात बसून राहतील. बाप्तिस्मा शक्यतो मिस्साबाहेर ठेवता येईल का, ते धर्मगुरूंना विचारा. तसा विधी साधारण अर्ध्या तासात होतो आणि त्यात ख्रिस्तप्रसादाचे वाटप नसल्यामुळे, सगळे रांगेत जात असताना आपण का नाही, हा अवघडलेपणा सासरच्यांना येत नाही. वसईत तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: तिथली उपासना मराठीतून होते. दारात धर्मगुरू बाळाचे नाव विचारतात, कपाळावर क्रूसाची खूण करतात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पाणी ओततात, पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवली जाते. या साऱ्यातला शब्द न् शब्द सासूबाईंना कळेल. शेवटी आईला, वडिलांना आणि जमलेल्या सर्वांना आशीर्वाद दिला जातो, त्यात त्याही आल्या. आदल्या दिवशी पतींनी त्यांना हा क्रम सांगून ठेवावा आणि विधीच्या वेळी पहिल्या बाकावर त्यांच्या शेजारी नणंदेला बसवावे.

जेवण घरीच ठेवा. सासरच्यांचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या हाताने होऊ द्या आणि त्यांची पंगत आधी बसवा. डुकराचे मटण आणि वाइन त्या दिवशी दुपारी नसली तरी वसईच्या पाहुणचारात काही कमी पडत नाही. माहेरच्यांची हौस संध्याकाळी पुरवता येईल.

इतके करूनही सासूबाई ‘मी येणार नाही’ म्हणाल्या, तर आग्रह एकदाच करा, ताणू नका, आणि ठरलेल्या दिवशी बाप्तिस्मा करा. पुढच्याच रविवारी बाळाला घेऊन दोघेही साताऱ्याला जा, त्यांनी विचारले तर फोटो दाखवा, आणि त्या का आल्या नाहीत याचा विषय तुम्ही काढू नका.

तुमची,
ताई