अमेरिकेतील व्हिसाच्या कामासाठी वकील करावा की कोल्हापुरातील सल्लागार पुरेल?

आपल्या भावाची अमेरिकेतील नोकरी गेली आहे, तो एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर आहे आणि वकिलाची फी जड वाटत असल्यामुळे कोल्हापुरातीलच एखाद्या व्हिसा सल्लागाराकडून पुढचा अर्ज भरून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मुळीच घेऊ नये.

माझा पुतण्या टेक्सासमध्ये याच व्हिसावर असताना त्याच्या कंपनीने नोकरकपात केली. शिवाजी पेठेतील आमच्या घरी सगळे जमले, तेव्हा थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, ओळखीच्या एका सल्लागाराला फोन लावला. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपायला अजून अवकाश आहे, तोपर्यंत मुलाने निवांत नोकरी शोधावी, असे त्या गृहस्थांनी सांगितले आणि वडीलधाऱ्यांना ते पटलेही. वास्तविक तो व्हिसा प्रवेश मागण्यापुरता असतो. आत किती काळ राहायचे ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, आणि एच-१बीवरील माणसाची नोकरी सुटली की त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, तीही आय-९४ची मुदत आधी संपत असेल तर तेवढ्यापुरतीच. हा नियम २०१७ पासून लागू आहे आणि व्हिसाच्या कामावर पैसे घेणाऱ्या माणसाला तो ठाऊक नसावा, याचा मला आजही संताप येतो.

मी त्याच बैठकीत विरोध केला आणि पुतण्याला तिथल्या वकिलाकडे जायला लावले. वकिलाने सर्वप्रथम नोकरीचा शेवटचा दिवस कोणता हे विचारले, पगाराच्या पावत्या, आय-७९७ हे मंजुरीपत्र आणि आय-९४ मागवून घेतले, आणि नवी कंपनी वेळेत मिळाली नाही तर स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, बदलण्याचा अर्ज मुदतीच्या आत देता यावा म्हणून तोही तयार करून ठेवला. सुदैवाने नव्या कंपनीचा अर्ज ६० दिवसांच्या आत दाखल झाला.

स्वस्त मदतीविषयी सांगायचे तर, अमेरिकेत इमिग्रेशनच्या न्यायालयात वकील नेमण्याचा हक्क आहे, पण तो सरकारी खर्चाने मिळत नाही. मात्र तेथील न्याय विभागाने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्था आणि त्यांचे अधिकृत प्रतिनिधी कमी खर्चात काम करतात. त्यांची यादी त्या विभागाच्या संकेतस्थळावर आहे. हा कायदा संघराज्याचा असल्यामुळे वकील कोणत्याही राज्यातील चालतो, आणि त्याची सनद त्या राज्याच्या बारकडे, म्हणजे वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, तपासता येते. कोरे अर्ज तर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. अर्जात तो तयार करणाऱ्याचे नाव आणि सही यांसाठी जागा असते. आपला सल्लागार तेथे सही करायला तयार आहे का, एवढे त्याला विचारून पाहावे.

ज्या कोल्हापुराने उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वर्षानुवर्षे आंदोलन केले आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंच सुरू करून घेतले, त्याच कोल्हापुरातील माणसांनी परक्या देशात मात्र वकिलावाचून चालेल असे म्हणावे, हे मला समजत नाही.

सगळेच वकील चांगले असतात असे मी म्हणत नाही, आणि मी स्वतः वकील नाही. कॅनडाच्या बाबतीत तेथील नियामक संस्थेचा परवाना असलेला सल्लागारही कायदेशीरपणे काम करू शकतो. शिवाय नियम बदलत राहतात, म्हणून माझ्या या उत्तरावरही विसंबू नये.

दाजी अजूनही म्हणतात की नोकरी पोराने स्वतःच्या हिमतीवर मिळवली, वकिलाला दिलेले पैसे पाण्यात गेले. नोकरी त्याने मिळवली हे खरेच आहे. पण आधीच्या नोकरीत तो नियमाने राहिला याचा पुरावा नव्या कंपनीच्या अर्जासोबत लागतो, आणि त्या पगाराच्या पावत्या जुन्या कंपनीचे लॉगिन बंद होण्यापूर्वी त्याच वकिलाने त्याला काढून घ्यायला लावल्या होत्या. आपल्या भावानेही त्या आजच काढून घ्याव्यात.