पेरणी झाली, पाऊस दडला, रात्री छाती धडधडते. हा हार्टचा त्रास की नुसती चिंता?

भाऊ, सरकी टोबून बारा दिवस झाले, आभाळ कोरडं, आणि रात्री दोनला छाती धडधडून जाग येते, हात गार पडतात, बोटांना मुंग्या येतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यातला ‘नुसती’ हा शब्द आधी काढून टाका. मी यवतमाळ जिल्ह्यातला, सहा एकर कोरडवाहू. दुबार पेरणीच्या वर्षी मला अगदी हेच झालं होतं.

आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा, थायरॉइड आणि रक्त तपासून घ्या. छातीत दाब येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, दरदरून घाम सुटला, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. माझा ईसीजी चांगला निघाला. ‘काही नाही’ हे ऐकून घरी आलो, आणि त्या रात्री पुन्हा तेच. मला वाटलं, माझंच मन कच्चं आहे.

तसं नसतं. रात्री पीक राखायला, जागलीला गेल्यावर अंधारात रानडुक्कर समोर आलं तर काय होतं आठवा. अंगात अॅड्रेनालिन सुटतं, काळीज जोरात चालतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं, म्हणून हात गार पडतात. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात. गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाची आठवण झाली तरी शरीर हीच तयारी करतं. फरक इतकाच की डुक्कर पळून जातं, पावसाची वाट मात्र रोज पाहावी लागते. धडधड सुरू झाली की उठून बसा, नाकानं श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडा. असा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरू लागतो, हे ठाऊक असलं तरी भीती निम्मी होते.

मला खरा उतार पडला तो हिशेबानं. रात्री पडल्या पडल्या मी कर्ज मोजायचो, आणि दर वेळी आकडा वाढायचा. एका दुपारी बायकोला सगळं सांगितलं. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत गेली: सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, पोरीची फी. कर्ज कमी झालं नाही, पण आकडा एकच राहिला. शेजारी तिनं दुसरी यादी केली, त्या आठवड्यात आमच्या हातात काय आहे याची: खाडे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला किती सरकी उरली, उधारीची मुदत कुणाकडे वाढवून मागायची. पाऊस त्या यादीत नव्हता. हवामान मी मोबाइलवर दिवसातून एकदाच, सकाळी पाहू लागलो.

खर्रा खात असाल तर संध्याकाळनंतर तरी बंद करा, तंबाखूनं ठोके वाढतात. दारूनं झोप लागते, पण तिचा अंमल उतरला की मध्यरात्री मोडते.

दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर औषधोपचार घ्या, त्यात लाज नाही. आपल्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो याच त्रासासाठी. गावातल्या आशाताईंना विचारा, कुठं जायचं ते त्या सांगतात. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मी तो धुऱ्यावर उभं राहून लावला होता, घरात बोलवत नव्हतं.

आणि भाऊ, जगूच नये असा विचार एकदा जरी आला असेल, तर आजच कुणाला तरी तोंडानं सांगा, रात्री एकटे राहू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, भावाकडे कुलपात ठेवा, किल्लीही त्याच्याचकडे राहू द्या. मी ठेवलं होतं.

अजूनही मृग लागला की माझी झोप हलकी होते. बायको कूस बदलून विचारते, ‘लिहायचं का?’ मग सकाळी कॅलेंडर खाली काढतो.