अंतर पाण्यात मोज

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

धोम धरणावर गळ टाकायला जायचं ठरवलंस आणि रॉड, रीळ, तंगसाची म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची जाडी, गळाचे नंबर सगळं विचारलंस. ते सामान दुकानदार नीट निवडून देईल. बसायचं कुठं आणि कसं, हे मात्र त्याच्या गल्ल्यावर मिळत नाही, आणि काठावरची भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात.

तुझ्यातलं आणि शेजारच्या गळवाल्यातलं अंतर काठावर मोजू नकोस, पाण्यात मोज. त्याची 40 मीटर फेक असेल आणि ती नुसती 10 अंश तुझ्याकडे चुकली, तरी दोऱ्याला बांधलेलं शिसं 7 मीटर बाजूला जातं. तुझी फेकही तेवढीच त्याच्याकडे चुकली की 14 मीटर तिथंच संपले. त्यात मोठा कटला मासा लागला तर तो मुकाट्यानं सरळ येत नाही, आडवा पळतो आणि वाटेतले दोरे गोळा करतो. म्हणून शेजारी तरंगा लावून काठाजवळ चिलापी मासा धरणारा असेल तर 15 पावलं पुरेत. रीळ लावून तळाला गळ सोडणारा असेल तर 35 पावलं सोड.

काठाचा आकारही बघ. जमीन नाकासारखी पाण्यात घुसलेली असते तिथं दोरे पंख्यासारखे फाकतात, माणसं थोडी जवळ बसली तरी चालतं. ओढा धरणाला मिळतो तिथल्या आत वळलेल्या पाण्यात उलटं होतं. सगळ्यांचे दोरे मध्यावर एकमेकांना भेटतात, समोरच्या काठावरच्याचेसुद्धा. चारा वाहून येतो म्हणून मासाही तिथंच असतो आणि गर्दीही तिथंच. अशा जागी आधी दोन-तीन जण बसलेले असतील तर पुढं चालत राहा.

उन्हाळ्यात हे सगळं बदलतं. पाणी उतरतं, उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली पिकं, म्हणजे गाळपेर, उभी राहते आणि गळवाले जुन्या नदीपात्राच्या कडेला एकवटतात. पाण्यापर्यंत जायचं म्हणून कुणाचं पीक तुडवू नकोस. बांधावरून जा, लांब पडलं तरी.

बसण्याआधी शेजाऱ्याच्या मागून जाऊन हळू आवाजात विचार, “दादा, इथं बसलो तर चालंल का? गळ कुठं टाकलाय?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्यानं पहाटेपासून शेंगदाणा पेंड आणि गव्हाचा कोंडा भिजवून एका ठिकाणी टाकलेला असतो. मासा त्या वासावर जमायला तास-दोन तास जातात. तुझा गळ त्या जागी पडला तर तू त्याची सकाळ उचलून नेलीस असंच तो समजणार, आणि ते बरोबरच आहे. त्यानं “नको” म्हटलं तर वाद घालू नकोस. उलट एकट्यानं पाच-सहा रॉड रोवून अख्खा काठ अडवणंही चूकच. गर्दीत दोन पुष्कळ झाले.

शेजाऱ्याला मोठा मासा लागला आणि तो तुझ्याकडे वळला तर “काढून घेतो” म्हणून लगेच दोरा गुंडाळ. तरीही गुंता झालाच तर ओढू नकोस. ताणलेला नायलॉन दुसऱ्या नायलॉनवर घासला की क्षणात तुटतो. तुझा दोरा ढिला सोड, मासा त्यालाच काढू दे, गुंता मग सोडवा. कापायचीच वेळ आली तर ज्याच्या दोऱ्याला मासा नाही त्याचा कापायचा. कापलेला तुकडा गोळा करून घरी ने. पाणकावळ्याच्या पायात तो अडकला की पक्षी उपाशी मरतो.

फेकण्याआधी प्रत्येक वेळी मागं बघ. रॉड मागं नेताना गळ आणि शिसं तुझ्या पाठीमागं दोन-तीन मीटर फिरतं, आणि तिथूनच कुणी म्हशी पाण्यावर आणत असतं. तूही कुणाच्या मागून जाताना थांब, त्याची फेक होऊ दे. काठावर धपधप चालू नकोस. हादरा पाण्यात उतरतो आणि उथळातली चिलापी आधी पळते. रात्री विजेरीचा झोत पाण्यावर किंवा दुसऱ्याच्या डोळ्यांत मारू नकोस. गळाला आमिष लावायचं तर पाण्याकडं पाठ करून लाव.

शेतीच्या मोटारींपासून तर लांबच राहा. केबल काठावर उघडी पडलेली असते, वर तारा असतात, आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. गळ मोटारीच्या पाइपला किंवा दोराला अडकला तर हिसके न देता तंगूस तोड.

बहुतेक तलावांतली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार संस्थांकडं असते. जाण्याआधी गावात विचार, परवानगी घे, पैसे सांगितले तर पावती माग. पाण्यावर ओळीनं बाटल्या किंवा थर्माकोल तरंगताना दिसले तर खाली जाळं आहे. त्यावर गळ अडकला तर जाळं फाडून सोडवू नकोस, मालकाला हाक मार. कासचं पाणी साताऱ्याच्या पिण्याचं आहे, तिथं गळ नकोच. कोयना आणि चांदोलीच्या जलाशयांचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिकडं परवानगीशिवाय फिरकूही नकोस.

पावसाळ्यात मरळ लालसर पिल्लांचा थवा राखत असते. तिला धरलं तर पिल्लांना इतर मासे खाऊन टाकतात. असा थवा दिसला की गळ दुसरीकडं टाक आणि शेजाऱ्यालाही सांग.

धरलेले मासे ठेवायची कुणाची जाळी न विचारता उचलून किती मासे मिळाले ते बघू नकोस. “काय लागतंय का?” एवढं विचारावं. तो सांगेल तेवढं ऐकावं.

उठताना पेंडीच्या पिशव्या आणि गळाची पाकिटं गोळा कर. तुझी जागा घ्यायला कुणी उभा असेल तर चारा कुठं टाकलाय, आणि बुडालेलं झाड किंवा खडक कुठं आहे, हे बोटानं दाखवून मग नीघ.

तुझा,
काका