मोडेमला ऐकू येतं का, ते आधी बघ

भाऊ, पंपावरचा मोडेम (सिम घालून मोबाईल नेटवर्कला जोडणारं यंत्र) गप्प बसला की लगेच सिमकार्डाच्या नावानं बोटं मोडू नको. लॅपटॉप जोडून आधी 'एटी' (AT) पाठव, म्हणजे मोडेम जागा आहे का ते कळतं. ओके आलं, की 'एटी+सीएसक्यू' (AT+CSQ) पाठवून सिग्नल किती येतोय ते विचार. पहिला आकडा ० ते ३१ मधला येतो; ० म्हणजे उणे ११३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) किंवा त्याहून कमी, पुढं दर आकड्याला २ डीबी. १० च्या खाली मला तरी भरवसा वाटत नाही. ९९ आला तर हुरळू नको, मोजताच आलं नाही असा त्याचा अर्थ! धुऱ्यावर, पत्र्याच्या पेटीत, मोटार चालू-बंद असताना, सगळे आकडे लिहून ठेव. आकडा फक्त पेटीतच पडत असेल तर अँटेना बाहेर काढ. उघड्यावरही पडलेलाच, दुसरी अँटेना लावूनही तोच, अन् तेच सिम मोबाईलमध्ये छान चालतंय? मग मोडेमच्या रिसीव्हरवर, म्हणजे सिग्नल ऐकणाऱ्या भागावर, संशय घे.