मैफलीच्या आठवणी लिहायच्या आहेत? सुरुवात अशी करा

मैफलींच्या आठवणींसाठी वेगळी वही सुरू केलीत तर उत्तमच. मात्र लिहायचं त्याच रात्री, परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर लिहिलंत तरी चालेल. सकाळपर्यंत गाण्यांचा क्रम हमखास निसटतो.

सध्या एवढंच टिपा:

- तारीख, सभागृह, रांग. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात बाल्कनीतलं ऐकणं आणि खालचं ऐकणं वेगळं.
- शास्त्रीय मैफल असेल तर राग, ताल आणि तबला-पेटीवर कोण होतं ते. साथीदारांची नावं सगळेच विसरतात, नंतर शोधायला तीच सर्वांत अवघड.
- एकच क्षण, पण नेमका. ‘अप्रतिम गायले’ यातून दहा वर्षांनी काहीच आठवत नाही. ‘द्रुत (जलद लयीतल्या) बंदिशीआधी थांबून तानपुरा पुन्हा लावला’ एवढ्याने अख्खी मैफल समोर येते.

तिकिटाचा फोटो लगेच काढा, थर्मल कागदावरची अक्षरं उडून जातात. अख्खं गाणं रेकॉर्ड करत बसू नका. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये स्पीकरजवळ असाल तर फोनमध्ये आवाज फाटतोच, आणि तेवढं गाणं ऐकायचंही राहून जातं. वीस-तीस सेकंद पुरे.

जुन्या कार्यक्रमांबद्दल लिहिताना तारीख त्या काळच्या वर्तमानपत्रात पाहून घ्या. मायकल जॅक्सनचा अंधेरीचा कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ चा, तरी बोलण्यात साल सर्रास चुकतं.