शब्दांच्या याद्या पाठ करूनही इंग्रजी लिहिताना घोळ का होतो?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलात, आता इथे बडोद्यात एम.एस. युनिव्हर्सिटीत बी.कॉम. करताय. गोंधळात टाकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ आहेत, तरी अर्ज लिहायला बसलं की चुका होतातच. आणि आता उशीर झालाय का, असंही विचारलंय. मी दांडिया बाजारात राहते आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलांना घरी इंग्रजी शिकवते. तुम्ही म्हणताय त्या चुका माझ्यासमोरच्या वह्यांत रोजच्या आहेत.

माझं स्पष्ट मत आहे की त्या याद्या चुकीच्या टोकापासून सुरू होतात. त्यांत इंग्रजी शब्दांच्या जोड्या असतात, पण आपली गाडी अडते ती मराठी शब्दापाशी. मराठीत एका शब्दात काम भागतं आणि इंग्रजीत तिथे दोन वेगळे शब्द लागतात, तिथे आपण हमखास चुकतो. म्हणून यादी करायचीच तर अशा मराठी शब्दांची करा.

अर्जात नेहमी येणारं एक वाक्य घेऊ : ‘आय ॲम स्टडिंग हिअर सिन्स टू इयर्स अँड आय विल पे द फीज टिल फ्रायडे.’

मनातलं वाक्य होतं, ‘मी दोन वर्षांपासून इथे शिकतेय’. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, ‘दोन वर्षांपासून’ म्हणा की ‘2023 पासून’. इंग्रजी इथे दोन वाटा करतं. सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर ‘सिन्स’, म्हणजे सिन्स 2023, सिन्स मंडे. किती काळ झाला ते सांगायचं असेल तर ‘फॉर’, म्हणजे फॉर टू इयर्स. शिवाय आपण ‘शिकतेय’ असा नुसता चालू वर्तमानकाळ वापरतो, इंग्रजीला मात्र तेव्हापासून आत्तापर्यंतचा सगळा पट्टा क्रियापदात लागतो. म्हणून ‘आय हॅव बीन स्टडिंग हिअर फॉर टू इयर्स’.

आता ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत फी भरते’ आणि ‘शुक्रवारपर्यंत थांबते’, आपल्याला दोन्हींत काही फरक जाणवत नाही. पण थांबणं सलग चालू राहतं, तिथे ‘टिल’. फी एकदाच भरायची असते आणि शुक्रवार ही तिची मुदत, तिथे ‘बाय’. ‘आय विल पे टिल फ्रायडे’ वाचणाऱ्याला असं वाटतं की तुम्ही शुक्रवार उजाडेपर्यंत पैसे भरतच राहणार. नोकरीत गेल्यावर ही चूक महागात पडते, कारण मुदतीचीच वाक्यं तिथे सगळ्यात जास्त लिहावी लागतात. मी मुलांकडून सगळ्यात आधी हीच घोटून घेते.

बडोद्यात यात आणखी एक अडचण आहे. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी. गुजरातीत ‘बे वरसथी’ आणि ‘शुक्रवार सुधी’, हिंदीत ‘दो साल से’ आणि ‘शुक्रवार तक’. तिन्ही भाषांची घडण इथे एकच आहे, त्यामुळे चुकीचं वाक्य आपल्यापैकी कुणाच्याच कानाला खटकत नाही. मैत्रिणीकडून तपासून घेतलं तरी ती ‘बरोबर आहे’च म्हणणार. इथे कानावर विसंबू नका, वाक्य डोळ्यांनी तपासा.

‘उसनं’ हा शब्दही असाच. आपण उसनं घेतो आणि उसनं देतो, दिशा क्रियापदातून कळते. इंग्रजीत घेणाऱ्याचं ‘बॉरो’ आणि देणाऱ्याचं ‘लेंड’. ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ चूक, तिथे ‘लेंड’ हवं. ‘दोन दिवसांनी येईन’ म्हणताना ‘आफ्टर टू डेज’ लिहितो, पण आजपासून मोजत असाल तर ‘इन टू डेज’ लिहावं. ‘आज सकाळी’चं ‘टुडे मॉर्निंग’ होतं, हवं ‘धिस मॉर्निंग’. ‘काल रात्री’साठी ‘लास्ट नाइट’ हवं. ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’ लिहिलं जातं, पण ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चालत नाही, नुसतं ‘डिस्कस द टॉपिक’.

‘ही डिडन्ट वेंट’ही इथूनच येतं. ‘तो गेला नाही’ यात ‘गेला’ जसाच्या तसा राहतो आणि ‘नाही’ पुढे लागतं. इंग्रजीत भूतकाळ एकदाच दाखवायचा असतो आणि तो ‘डिड’ने दाखवून झालेला असतो, म्हणून पुढे नुसतं ‘गो’.

दुसरी जात सारख्या दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या शब्दांची. त्यांचा मराठीशी संबंध नाही, ते पाठच करावे लागतात. तरी उच्चाराची थोडी मदत होते. सैल म्हणजे ‘लूस’, शेवटी ‘स’, स्पेलिंगमध्ये दोन ओ. हरवणं म्हणजे ‘लूझ’, शेवटी ‘माझा’मधला झ, स्पेलिंगमध्ये ओ एकच. आपण दोन्हींना ‘लूज’ म्हणतो आणि मग स्पेलिंगही एकच होऊन बसतं. सल्ला हे नाम ‘ॲडव्हाइस’, सी लिहायचा. सल्ला देणं ‘ॲडव्हाइझ’, एस लिहायचा. नामाचं अनेकवचन होत नाही, मराठीत ‘सल्ले’ होत असले तरी. ‘इन्फॉर्मेशन’ आणि ‘फर्निचर’चंही तेच. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’साठी एवढंच धरा की पहिलं बहुतेक वेळा क्रियापद असतं आणि दुसरं नाम.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर ठरत नाही, उच्चारावर ठरतं. ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण तोंडातून ‘यु’ निघतो. पण ‘ॲन एम.एस.यू. स्टुडंट’, कारण एमचा उच्चार ‘ए’ने सुरू होतो. हे एक उदाहरण लक्षात ठेवलंत तरी बाकीचं आपोआप जमेल.

आणि प्रत्येक भारतीय शब्दाची लाज बाळगू नका. ‘प्रीपोन’ आता मान्यवर इंग्रजी शब्दकोशांत आहे, खुशाल वापरा. ‘गिव्ह द एग्झाम’ इथे सगळ्यांना समजतं, पण परदेशी अर्जात टाळा. तिकडे परीक्षा ‘गिव्ह’ करतात ते शिक्षक, विद्यार्थी ‘टेक’ करतात.

उशिराचं म्हणाल, तर 1875 साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर दत्तक आणलेला गोपाळराव तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याचं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. राजवाड्यात तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकला. तुमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते सयाजीराव महाराज म्हणजे हाच मुलगा. तुमच्याकडे तर तीन भाषा आधीपासूनच आहेत.

आता एक करा. गेल्या काही महिन्यांत लिहिलेले अर्ज आणि ई-मेल उघडा, त्यांत ‘सिन्स’, ‘टिल’, ‘आफ्टर’, ‘अबाउट’ आणि ‘डिडन्ट’ हे पाच शब्द शोधा आणि प्रत्येक जागी वाक्य मराठीत म्हणून बघा. जिथे ‘पासून’ किंवा ‘पर्यंत’ येईल तिथे थांबा. कुठे अडलं तर ते वाक्य इथेच खाली टाका, मी बघून सांगते.